‘फेरिस व्हील’ की रहाटपाळणा?

‘फेरिस व्हील’मधला ‘फेरिस’ आपल्या ‘फेरी’चा कोणी लागतो का, आणि या पाळण्याला मराठीत काय म्हणावे, असा प्रश्न आला आहे.

नाते काहीच नाही. चाक फेरी घालते म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. ‘फेरी’ ही फेरा, फिरणे यांच्या घरातली. फेरिस हे आडनाव. जॉर्ज वॉशिंग्टन गेल फेरिस हे पिट्सबर्गचे अभियंता, पुलांच्या पोलादकामातले जाणकार.

कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. त्याआधी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेलचा मनोरा उभा राहिला होता. आपल्याकडेही त्याच्या तोडीचे काही हवे, असा बांधकामप्रमुख डॅनियल बर्नहॅम यांचा अमेरिकन अभियंत्यांमागे लकडा होता. फेरिस यांनी मनोऱ्याला मनोऱ्याने उत्तर दिले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनी २६४ फूट उंचीचे, माणसांना घेऊन फिरणारे चाक उभे केले. ३६ डबे, एकेकात ६० माणसांची सोय. नुसता आसच ४० टनांवर भरला. आरे म्हणजे जाड खांब नव्हेत, तर सायकलच्या चाकासारख्या ताणलेल्या सळ्या. प्रदर्शन १ मेला उघडले, चाक २१ जूनला. तरी पन्नास सेंट मोजून १४ लाखांवर लोक त्यात बसले.

नाव पक्के झाले, पण माणसाच्या वाट्याला सुख आले नाही. पैशांच्या वादातच १८९६ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, विषमज्वराने फेरिस गेले. चाक १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनात पुन्हा फिरले आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडले गेले. आयफेलचे नाव एकाच मनोऱ्याला चिकटून राहिले. फेरिसचे मात्र इंग्रजीत सामान्यनाम झाले.

कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हे. विल्यम सॉमर्स यांची लाकडी चाके अमेरिकेच्या किनाऱ्यावर आधीच फिरत होती, आणि त्यावरून खटलाही झाला. त्याच्याही कितीतरी आधी, १६२० साली, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तुर्की अमलाखालच्या बल्गेरियात माणसांना बसवून फिरवणारे असे चाक पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे.

म्हणूनच मराठीतला ‘रहाटपाळणा’ मला अधिक खरा वाटतो. ‘रहाट’ हा संस्कृत ‘अरघट्ट’वरून आलेला, विहिरीवरच्या पाणी उपसणाऱ्या चाकाचा शब्द. रहाटाला गाडगी लावली की रहाटगाडगे, पाळणे टांगले की रहाटपाळणा. यंत्राची सगळी रचना त्या एका शब्दात येते. जत्रेत चार पाळण्यांचा, हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा आणि विजेवर चालणारा अजस्र, दोन्हींना तो चालतो. ‘आकाशपाळणा’ रूढ आहे, कानाला गोडही लागतो, पण तो फक्त उंची सांगतो. ‘जायंट व्हील’ची तर गरजच नाही.

शिकागोच्या त्या मूळ चाकाविषयी लिहिताना ‘फेरिसचे चाक’ म्हणावे. तिथे ते विशेषनाम आहे. बाकी सगळीकडे रहाटपाळणा.