पोच घेतलीस का?

प्रिय मुलीस,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पहिल्याच केसमध्ये बाईला नवऱ्याविरुद्ध अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश मिळवून दिलास आणि आठवड्याभरात तो पोरीच्या शाळेच्या फाटकाशी हजर. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या ठाण्यात बाईला ऐकवलं, "हा कर्नाटकातला कागद, आमच्याकडं काही आलेलं नाही." आता तू विचारतेस, या घरगुती हिंसाचार कायद्याचा उपयोग काय?

उपयोगाचं नंतर बोलू. त्या ठाण्याची पोच घेतलीस का? मेसेजात सगळं आहे, तेवढंच नाही.

2005 च्या कायद्यातलं कलम 24 परत वाच. आदेशाची प्रत फुकट द्यायची ती दोन्ही पक्षांना, सेवा पुरवणाऱ्या संस्थेला आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला. कुठल्या ठाण्याच्या? जिथल्या कोर्टात अर्ज झाला, तिथल्या. बाई बेळगाव तालुक्यात माहेरी, नवरा चंदगडचा. सीमेवरच्या शिनोळीच्या पुढं ती प्रत आपसूक जात नाही! आपल्या कितीतरी सोयरिकी या हद्दीच्या आरपार. कलम 27 मुळं माहेरच्या तात्पुरत्या मुक्कामावरूनही अर्ज करता येतो आणि आदेश भारतभर लागू होतो, हे तू बरोबर लिहिलंयस. पण ड्युटीवरच्या हवालदारानं तो बघितलेला तरी पाहिजे ना? म्हणून नवऱ्याच्या ठाण्याकडंही प्रत पाठवावी, असं कोर्टाकडूनच मागून घ्यायचं. तरी स्वतः जायचंच. आवक नोंदवहीत नंबर पडला, आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आली, की उठायचं. "साहेब बंदोबस्ताला गेलेत" म्हणाले तर बाकावर बसून राहायचं. आदेश कन्नडात असेल तर सोबत मराठी भाषांतर जोड. यात सीमावाद आणू नकोस, समोरच्याला वाचता यावं एवढंच.

हे कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचं काम, असं म्हणशील. आहेच. आपल्याकडं ते सीडीपीओंच्या, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या गळ्यात आहे, म्हणजे तालुक्याच्या अंगणवाड्या सांभाळून. त्यांच्यावर रागवायला तुला वेळ असेल, बाईला नाही.

कलम 31 चा धाक मोठा: संरक्षण आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. पण "आदेश झालाय हे मला माहीतच नव्हतं" एवढं प्रत्येक नवऱ्याला पाठ असतं. तेव्हा त्याचीही पोच.

बार रूममध्ये मला 'पोचबाई' म्हणायचे. वकील असून शिपायाचं काम करते म्हणून हसायचे. माझ्याबरोबर सनद घेतलेल्यांनी जमिनीचे दावे लढवून टिळकवाडीत बंगले बांधले. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू? दिवाणी काम हातचं घालवलं, गाजावा असा एक निकाल नावावर नाही. पण माझी एक अशील आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवायची. नवरा रात्री दार बडवायला लागला तेव्हा तिनं 112 ला फोन लावला आणि शिक्क्याखालचा आवक नंबर वाचून दाखवला. मग तिला कुणी "आधी ठाण्यात या, बघू" म्हटलं नाही. गाडी आली. हसणाऱ्यांपैकी कुणाच्या युक्तिवादानं मध्यरात्री गाडी आणवली असेल, तर मला सांग.

आता शाळेचं. मुख्याध्यापकांवर चिडलीयस, पण त्यांच्या हातात काय होतं? बापाला अडवायचं तर कशाच्या जोरावर? कलम 18 खाली पोरीच्या शाळेत यायला मनाई मागता येते. तू नुसतं 'त्रास देऊ नये' एवढंच मागितलंस. कलम 21 खाली तात्पुरता ताबाही माग. शाळेचं नाव, गाव स्पष्ट लिही. आदेश झाला की मुख्याध्यापकांना प्रत, आणि हो, त्यांचीसुद्धा पोच.

पंचमंडळी तडजोडीला बोलावतायत म्हणतेस. बाईला जायचं असेल तर जाऊ दे, तो तिचा निर्णय. मात्र तिनं स्वतः अर्ज करेपर्यंत किंवा परिस्थिती बदलली म्हणून कोर्टानंच तो बदलेपर्यंत संरक्षण आदेश उठत नाही, हे तिला आधी समजावून सांग.

दुरुस्तीचा अर्ज सोमवारी टाक. मसुदा शनिवारपर्यंत पाठव, मराठी भाषांतर मी करून देते. टायपिंगचे पैसे मात्र तुझे. चंदगडला कधी जातेस ते कळव, गुडघे बरे असले तर मीही येईन.

तुझी,
अक्का