पाणी नितळ, तरी मासे वर का येतात?

प्रश्न : नवी टाकी लावून तीन आठवडे झाले. दर रविवारी सगळं पाणी बदलतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो. तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. काय चुकतंय?

उत्तर : नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी, हे आधी डोक्यातून काढा. अमोनिया विषारी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून तो सतत पाण्यात मिसळतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजवर वस्ती करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. बिचारे दर आठवड्याला नव्याने सुरुवात करतात! स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, तोही प्रवाह मंदावला तरच.

आजच टेस्ट किटने तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर सुमारे 30 टक्के पाणी बदला. नवं पाणी डिक्लोरिनेटर (क्लोरीन निकामी करणारं द्रावण) घालून, तापमान जुळवूनच ओता. पाणी नुसतं रात्रभर ठेवण्यावर माझा भरवसा नाही, कारण त्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं उडून जात नाही. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 8 च्या आसपास असेल तर जास्त घाई करा, तिथे तेवढाच अमोनिया अधिक विषारी ठरतो.

एअर पंप चालू ठेवा. खाणं दोन दिवस बंद. मोठ्या, सुदृढ माशांना त्याने काही होत नाही. मात्र आकडे शून्यावर टिकेपर्यंत नवा मासा कृपा करून आणू नका.