'बेनेडिक्शन'ला आशीर्वाद म्हणावं का?

प्रश्न असा: अमेरिकन वास्तववादी चित्रकार जॉर्ज बेलोज याच्या १९१६ मधल्या शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या) चित्राचं नाव आहे 'बेनेडिक्शन इन जॉर्जिया'. मराठीत 'जॉर्जियातील आशीर्वाद' केलं तर चालेल का?

चूक नाही, पण मला खटकतं. आधी चित्र बघा. पट्टेरी कपड्यांतले, बेड्या घातलेले काळे कैदी आणि त्यांच्यासमोर एक गोरा धर्मोपदेशक. कैदी खासगी मालकांना मजुरीसाठी भाड्याने देण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९०८ मध्ये बंद केली खरी, पण पुढे त्याच माणसांना साखळदंडासकट रस्त्याच्या कामावर जुंपलं. बेलोजने शिळाछापाचं काम हाती घेतलं ते १९१६ मध्येच, म्हणजे हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या छापांपैकी.

आता शब्द. आपल्याकडे आशीर्वाद म्हटलं की वाकून केलेला नमस्कार आणि पाठीवर किंवा डोक्यावर ठेवलेला हात डोळ्यांपुढे येतो. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, त्यात जिव्हाळा असतो. शिवाय रोजच्या बोलण्यात या शब्दाला एक वाकडा अर्थही चिकटलाय: "हे सगळं कुणाच्या आशीर्वादाने चाललंय?" चित्राखाली तो शब्द दिसला की वाचकाला टोमणा आधी ऐकू येईल. बेलोजचं शीर्षक मात्र सरळ चेहऱ्याने बोलतं, बोचतं ते चित्र.

मराठी चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळक जे म्हणतात त्यालाही आशीर्वादच म्हणतात, हे खरं. पण तिथली क्रियापदं ऐका: 'देवो', 'राखो', 'होवो'. पाळक पदरचं काही देत नाहीत, देवाने द्यावं असं नुसतं बोलतात. लॅटिनमध्येही 'बेने' म्हणजे चांगलं आणि 'दिकेरे' म्हणजे बोलणं. (आशीर्वादातल्या 'वाद'चा अर्थही बोलणंच, पण तो आता कुणाच्या कानाला जाणवतो?) म्हणून मी 'आशीर्वचन' घेईन. त्यातलं 'वचन' अजून स्पष्ट ऐकू येतं, आणि या कैद्यांच्या वाट्याला तेवढंच तर आलंय.

'शुभाशीर्वाद' नको, ती लग्नपत्रिका होते. 'प्रिंट'ला 'मुद्राचित्र' चालेल, मला 'शिळाछाप' जवळचा वाटतो, जुन्या पोथ्यांमुळे.

आणि नुसतं 'जॉर्जिया' लिहू नका, वाचक थेट जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीला पोचेल. 'आशीर्वचन, जॉर्जिया राज्य, अमेरिका' असं लिहा.