अरिहंत आधी, सिद्ध नंतर, असं का?

प्रश्न: आमच्या शेजारी ओसवाल जैन कुटुंब आहे, चातुर्मासात त्यांच्या काकूंसोबत मी पण स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, प्रवचनाला जाते. नवकार, म्हणजे जैनांचा नमस्काराचा मंत्र, आता पाठ झालाय. पण मोक्षाला गेलेले सिद्ध जर सगळ्यात वर, तर पहिला नमस्कार अरिहंतांना का? आणि तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत म्हणे, मग मागायचं कोणाकडे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: ताई, एकदम मुळाचं विचारलंत. सिद्ध वरचेच, त्यांची आठही कर्मं संपली, देहसुद्धा उरला नाही, पण म्हणूनच ते आपल्याला काही सांगायला येणार नाहीत. अरिहंतांची चार घाती, म्हणजे आत्म्याचे गुण झाकणारी, कर्मं गेलीत, केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालंय आणि देह अजून आहे, म्हणून ते बोलतात. सिद्ध असतात हेसुद्धा आपल्याला त्यांच्याच तोंडून कळलं ना!

तीर्थ म्हणजे नदी पार करायची जागा. आपल्या तापीवर पूल नव्हते तेव्हा उतार माहीत असलेला माणूस पुढे चालायचा, कुठं गुडघाभर पाणी, कुठं डोह ते दाखवायचा, पण पाय ज्याचे त्यानेच टाकायचे. तीर्थंकर, म्हणजे असा मार्ग दाखवणारे अरिहंत, तसेच. केवलज्ञान पुष्कळांना झालं, पण तीर्थंकर या अवसर्पिणीत, म्हणजे सध्याच्या उतरत्या कालचक्रात, २४च, कारण साधू, साध्वी, श्रावक, श्राविका असा संघ तेच उभा करतात. महावीरांना ४२व्या वर्षी केवलज्ञान झालं आणि पुढे ३० वर्षं, पावापुरीला निर्वाण होईपर्यंत, ते गावोगाव सांगत फिरले.

आता मागण्याचं. वीतरागाला ना कोणाचा राग ना कोणावर लोभ, तिथं मागून काय मिळणार? मला यात गौतमस्वामींची गोष्ट फार जवळची वाटते. महावीरांचे पहिले गणधर, म्हणजे पट्टशिष्य, त्यांच्या शिष्यांना केवलज्ञान होत गेलं पण त्यांना स्वतःला होईना, कारण गुरूवरची माया सुटेना. महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या अमावस्येला, ते जवळही नव्हते. बातमी कळली तेव्हा खूप रडले आणि रडता रडताच उमगलं की ही मायासुद्धा बेडीच आहे, मग त्यांना केवलज्ञान झालं. पाडव्याला गौतमस्वामींचं नाव घेतात ते यासाठी, काकूंना विचारून बघा.

महावीरांच्या परंपरेतले जंबूस्वामी शेवटचे केवली, म्हणजे केवलज्ञान झालेले, त्यांच्यानंतर इथं कोणी नाही. स्थानकातले महाराजसाहेबही केवली असल्याचं म्हणत नाहीत, ऐकत आलेलं पुढे सांगतात, आणि नवकाराची पाचवी ओळ, सगळ्या साधूंना नमस्काराची, त्यांच्याचसाठी आहे.