‘आम्ही’ म्हणावं की ‘आपण’?

नव्या गावात, नव्या नोकरीत भाषेमुळे अडलेल्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : मी मूळचा उत्तर प्रदेशातला. बँकेने सातारा जिल्ह्यातल्या शाखेत बदली केली, त्याला आठ महिने झाले. लिपी एकच असल्याने सूचनाफलक मीच लिहितो. लोक वाचून हसतात. सहकारी चांगले वागतात, तरी मी पाहुणाच राहिलोय. कुठे अडतंय?

उत्तर : लिपी एकच, हीच तर मेख आहे. तमिळनाडूतून आलेला माणूस अक्षरापासून शिकतो, म्हणून शब्दही विचारून घेतो. हिंदी भाषकाला वाटतं, वाचता आलं म्हणजे भाषा आली. मग फलकावर ‘शिक्षा ऋण’ लिहिलं जातं. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, त्यामुळे तिथे ‘शैक्षणिक कर्ज’ हवं. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘तुमचं काम करण्याची पूर्ण चेष्टा करू’ असं आश्वासन दिलंत तर खातेदार हसणार नाही तर काय करणार? ‘व्यवहार’ मराठीत वागणूक नसून देवघेव आहे.

काउंटरवरचे शब्द आधी पक्के करा. ब्याज नव्हे व्याज, किस्त नव्हे हप्ता, बकाया नव्हे थकबाकी, जमानतदार नव्हे जामीनदार. शेतकऱ्यांचे आणखी काही आहेत : पीककर्ज, सातबारा (एका जमिनीचा उतारा), आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा), बोजा (जमिनीवरची कर्जाची नोंद). कर्ज फेडलेला माणूस ‘बोजा कमी करायचं पत्र द्या’ म्हणतो, तेव्हा त्याला हप्त्यात सवलत नको असते. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र त्याला तलाठ्याकडे न्यायचं असतं, म्हणजे सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यातली बँकेची नोंद निघते. हे पहिल्या वाक्यात कळलं नाही तर त्याची एक खेप फुकट जाते, आणि ती तो विसरत नाही.

आता एक अक्षर. ‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांना’ असं तुम्ही लिहीत असणार. शब्दाच्या शेवटी ‘री’ असेल (शेतकरी, कर्मचारी) तर अनेकवचनात डोक्यावरचा रफार येत नाही, ‘ऱ्य’ येतो : शेतकऱ्यांना. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबा, मग शिफ्टशिवाय D, मग तिरक्या रेघेची (/) कळ. ‘ळ’ शिफ्ट धरून N वर आहे. फरक केवळ दिसण्याचा नाही. आचार्यांना बोलावलं तर विद्वान येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी.

पण पाहुणेपणाचं खरं कारण आमच्या मते सर्वनामात आहे. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला वगळून आम्ही, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून आपण सगळे. तुम्ही ‘हम’चं सरसकट ‘आम्ही’ करता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘आम्ही शुक्रवारपर्यंत ऑडिटची तयारी संपवू’ म्हणालात तर त्याला ऐकू येतं की तो त्यात नाही. ‘उद्या आम्ही जेवायला जातोय’ म्हणजे त्याला बोलावणं नाही. इथे ‘आपण’ हवं. ‘आमची शाखा’ हे खातेदाराशी बोलताना चालेल, सहकाऱ्याशी ‘आपली शाखा’. तुमच्या गावाबद्दल मात्र ‘आमच्याकडे’ हेच बरोबर.

गंमत अशी, की आदर म्हणून तुम्ही ग्राहकाला ‘आप’सारखं ‘आपण’ म्हणत असणार, कारण ‘तुम्ही’ तुम्हाला ‘तुम’सारखं हलकं वाटतं. मराठीत ‘तुम्ही’त पुरेसा मान आहे. आदरार्थी ‘आपण’ पत्रात शोभतं, काउंटरवर ते परकं वाटतं. ‘आपण’च्या या दोन अर्थांतला भेद क्रियापद सांगतं : ‘आपण बसू’ म्हणजे आपण दोघं, ‘आपण बसावे’ म्हणजे तुम्ही. आणि एखाद्या आजीने तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर अपमान समजू नका, लेकरू मानलंय.

फलक पाच ओळींपेक्षा मोठा करू नका. लावण्याआधी शिपाईमामांना मोठ्याने वाचायला सांगा. ते जिथे अडखळतील, तिथला शब्द बदला.

प्रश्न : मी वर्ध्याची, पुण्यात आयटी कंपनीत आहे. ‘करून राहिले’, ‘काऊन’ (म्हणजे ‘का’) म्हटलं की टीममधले नक्कल करतात. बोली सोडून द्यावी का?

उत्तर : सोडू नका. ‘करून राहिले’ ही चूक नाही, चालू क्रिया सांगण्याची ती विदर्भातली सरळ पद्धत आहे. मराठी गद्याचा जुना ग्रंथ लीळाचरित्र अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. नक्कल करणाऱ्यांना एवढं ऐकवायला हरकत नाही.

कामाच्या मजकुरात मात्र एक खड्डा आहे. पुण्यात ‘राहिलं’ म्हणजे बाकी उरलं. तुम्ही ग्रुपवर ‘टेस्टिंग करून राहिले’ लिहिता, घाईत वाचणारा ‘टेस्टिंग राहिले’ एवढंच टिपतो आणि काम झालंच नाही असं धरून चालतो. म्हणून लिहिताना ‘टेस्टिंग चालू आहे, सहापर्यंत होईल’ असं लिहा. तसंच ‘मेल भेटला’ऐवजी ‘मेल मिळाला’. प्रमाण मराठीत माणूस भेटतो, वस्तू मिळते.

शुद्धलेखनाचा धाकही बाळगू नका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम अठराच आहेत, चौदा १९६२चे आणि चार १९७२चे. रोज अडतात ते ऱ्हस्व-दीर्घाचे. संस्कृतातून जसेच्या तसे न आलेले शब्द घ्या : त्यांच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (पाटी, लाडू), आणि शेवटचं अक्षर दीर्घ झालं की त्याआधीचा ऱ्हस्व (विळा, सुरी). चहाच्या टेबलावर ‘काऊन’ खुशाल म्हणा.

प्रश्न : परिचारिका म्हणून जर्मनीला जातेय. तिथे सगळ्यांना नावाने हाक मारतात का?

उत्तर : रुग्णाला नाही. त्याला ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’, आणि हाक ‘फ्राउ’ (श्रीमती) किंवा ‘हेअर’ (श्री) अधिक आडनाव. पहिल्या नावाला मॅडम जोडायची आपली सवय तिथे चालत नाही. वॉर्डातल्या सहकाऱ्यांत बहुधा ‘डू’ म्हणजे ‘तू’ चालतं, पण ते आधी वयाने किंवा पदाने मोठा माणूस सुचवतो. तोवर थांबा. नोंदवहीत आणि ईमेलमध्ये आदराच्या ‘झी’चं पहिलं अक्षर मोठं काढा. लहान काढलं तर त्याचा अर्थ ‘ती’ किंवा ‘ते लोक’ होतो.