चाकणहून हुआरेझला बदली: जावं की नको?

प्रश्न असा आहे: "कंपनी मला चाकणच्या प्लँटमधून मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझच्या प्लँटवर पाठवतेय. राहायचं अमेरिकेच्या बाजूला, टेक्सासमधल्या एल पासोत, आणि रोज सीमा ओलांडून कामाला जायचं. नेटवर हुआरेझ टाकलं की खून, कार्टेल (ड्रग्जच्या मोठ्या टोळ्या) आणि निर्वासितांचे तांडे एवढंच दिसतं. बायको घाबरली आहे. खरंच इतकं वाईट आहे का?"

तुमच्यापुरतं विचारत असाल तर नाही, बिनधास्त या. पण तुमच्या लाइनवर उभं राहून वायर हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे, बांधणाऱ्या मुलीपुरतं विचाराल तर उत्तर वेगळं आहे. दोन्ही उत्तरं एकाच शहराची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची इचलकरंजीची. एल पासोत राहते आणि हुआरेझच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. म्हणजे तुम्ही जे करणार आहात तेच करते: सकाळी अंधारात पूल ओलांडायचा, संध्याकाळी रांगेत उभं राहून परत यायचं.

आधी भूगोल. मध्ये रिओ ग्रँदे नदी आहे, पलीकडचे तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. नाव मोठं असलं तरी शहरापाशी तिच्यात वर्षातले कित्येक महिने घोटाभरही पाणी नसतं. १८४८ च्या तहानं ही नदी सीमा ठरली, पण तिनं पात्र बदललं आणि चामिझाल नावाच्या जमिनीच्या तुकड्यावरून दोन देशांचं जे भांडण लागलं ते १९६३ मध्ये मिटलं. मग नदीनं पुन्हा आगाऊपणा करू नये म्हणून तिला सिमेंटच्या नाल्यात घातलं. नदीच्या एका बाजूला एल पासोचं विद्यापीठ आहे, ज्याच्या इमारती का कोण जाणे भूतानच्या मठांसारख्या बांधल्या आहेत, आणि दुसऱ्या बाजूच्या टेकड्यांवर सिमेंट ब्लॉकची बिनरंगाची घरं. विद्यापीठाच्या पार्किंगमधून त्या घरांवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

आता तुमच्या भीतीचा आकडा. २०१० मध्ये हुआरेझमध्ये तीन हजारांवर खून झाले. त्याच वर्षी एल पासोत झाले ५. पुलावरून चालत गेलं तर मधलं अंतर दहा मिनिटांचं. इथे बरेच आपले लोक सहज म्हणून टाकतात, "अमेरिकेत कायदा आहे, तिकडे नाही, विषय संपला." मला हे पटत नाही. धंदा एकच आहे, ड्रग्जचा. माल दक्षिणेकडून उत्तरेला येतो, बंदुका आणि रोकड उत्तरेकडून दक्षिणेला जातात. मेक्सिकोत कायदेशीर बंदूक घ्यायची तर लष्कराच्या ताब्यातलं दुकान गाठावं लागतं, तीही देशभरात बोटांवर मोजण्याइतकी. टेक्सासात ती हायवेलगतच्या दुकानात मिळते. हुआरेझमध्ये कार्टेलसाठी खून पाडणारी बारिओ अस्तेका ही टोळी तर टेक्सासच्या तुरुंगांत जन्मली, एल पासोच्या कैद्यांनी काढलेली. माल एल पासोत साठतो आणि पुढे जातो, म्हणून तिथे कुणालाच गडबड नको असते. मारामारी होते ती पूल कोणाच्या ताब्यात राहणार यावर, आणि ती लढली जाते पलीकडे.

तिथे मरतं कोण, हे कळायला कारखान्यांकडे बघावं लागतं. १९४२ पासून अमेरिकेनं शेतीकामासाठी मेक्सिकन मजूर करारावर नेले, १९६४ मध्ये ते बंद केलं, आणि परत आलेल्या माणसांना काम हवं म्हणून १९६५ मध्ये मेक्सिकोनं सीमेवर कारखान्यांना सवलती दिल्या. सुटे भाग बिनजकात आणायचे, जोडायचे, परत पाठवायचे. याच त्या माकिलादोरा. बोलताना सगळे नुसतं माकिला म्हणतात. गंमत म्हणजे पुरुषांसाठी काढलेल्या या योजनेत कारखान्यांनी भरती केली ती तरुण मुलींची. बोटं चपळ आणि तक्रार कमी, हा हिशोब तुम्ही आपल्याकडेही ऐकला असेल. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या १९९४ च्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारानंतर तर कारखान्यांचा पूरच आला. आज तिथे तीनशेच्या वर कारखाने आहेत. मेक्सिकोतल्याच दुरांगो, तोरेओन, वेराक्रूझ कुठून कुठून माणसं आली. वेराक्रूझवाले इतके झाले की त्यांना "हुआरोचो" असं वेगळं नावच पडलं.

पगाराचं सांगते. सीमावर्ती पट्ट्यात किमान वेतन २०१९ मध्ये एकदम दुप्पट केलं, तेव्हापासून दरवर्षी वाढतंय. २०२५ साठी ते दिवसाला ४१९.८८ पेसो होतं, म्हणजे साधारण वीस-बावीस डॉलर. टेक्सासचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. पुलाच्या इकडचे तीन तास म्हणजे तिकडचा अख्खा दिवस. तुमची कंपनी तिथे का आहे याचं उत्तर एवढ्यात आलं.

कारखाने आले, घरं आली नाहीत. माणसांनी शहराच्या कडेला वाळूत जागा धरली: पुठ्ठा, मालवाहू फळ्या, मग सिमेंट ब्लॉक. पाणी, दिवे, डांबर हे सगळं मागून, कुठे कुठे अजूनही नाही. पहाटे साडेचारला तिथून कारखान्याच्या बसेस निघतात. अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या पिवळ्या बस, वरून रंग मारलेला. एखाद्या सकाळी लवकर निघालात तर बघा: मुली बसथांब्यावर एकेकट्या उभ्या राहत नाहीत. दोघी-तिघी घोळक्यानं येतात, मोबाइलचा टॉर्च लावून, आणि बस येईपर्यंत कुणाचा तरी भाऊ नाहीतर बाप शेजारी उभा असतो.

याला कारण आहे. १९९३ पासून इथे बायका-मुलींचे मृतदेह सापडू लागले, कुणी वाळवंटात, कुणी पडीक रानात. पोलीस म्हणायचे, पळून गेली असेल, दुहेरी आयुष्य असेल. एस्तेर चावेस कानो नावाच्या निवृत्त अकाउंटंट बाईंनी वर्तमानपत्रांतून एकेका खुनाची नोंद ठेवायला घेतली नसती तर आकडासुद्धा राहिला नसता. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये कापसाच्या एका जुन्या शेतात आठ जणींचे मृतदेह मिळाले, माकिला मालकांच्या संघटनेच्या कचेरीसमोर. त्यातली एक वीस वर्षांची कामगार होती. कामावर दोन मिनिटं उशिरा पोचली म्हणून तिला गेटवरून परत पाठवलं होतं, आणि त्यानंतर ती दिसलीच नाही. २००९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयानं या प्रकरणात मेक्सिको सरकारला दोषी धरलं. चौकाचौकांत विजेच्या खांबांवर गुलाबी चौकोनात काळे क्रॉस रंगवलेले दिसतील तुम्हाला, ते या मुलींसाठी. तुम्ही सुपरवायझर म्हणून जाणार आहात ना? मग उशिरा आलेल्या मुलीला गेटवरून परत पाठवायचं की नाही, हा प्रश्न तुमच्या टेबलावर येईल. आमच्याकडे आम्ही आत घेतो आणि पगार कापायचा तर नंतर बघतो.

मग २००८ ते २०१२. हुआरेझ आणि सिनालोआ या दोन कार्टेलांत शहरासाठी जुंपली, राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी लष्कर उतरवलं आणि खून कमी व्हायच्या ऐवजी वाढले. टोळ्यांनी खंडणी सुरू केली, तिला कुओता म्हणतात. टपरीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना दर ठरलेला. ३० जानेवारी २०१० च्या रात्री वियास दे साल्वार्कार या कामगार वस्तीत वाढदिवसाच्या पार्टीत शिरून १५ जणांना मारलं, बहुतेक शाळा-कॉलेजची पोरं. काल्देरोन म्हणाले, टोळ्यांचं आपसातलं भांडण असावं. नंतर ते हुआरेझला आले तेव्हा दोन्ही मुलगे गमावलेली एक आई सभेत उठली आणि त्यांच्या तोंडावर म्हणाली, माफ करा, मी तुमचं स्वागत करू शकत नाही. ती माकिलातली कामगार होती. आमच्या प्लँटमधले जुने लोक हा प्रसंग अजून सांगतात, आणि सांगताना आवाज चढतो.

त्या काळात ज्यांच्याकडे कागद आणि पैसे होते ते पूल ओलांडून एल पासोत आले. हॉटेलं आली, दवाखाने आले, कारखान्यांचे मॅनेजर आले. एल पासोची भरभराट झाली, हे इथे फारसं कुणी बोलत नाही. ज्यांच्याकडे कागद नव्हते ते वेराक्रूझला परतले, नाहीतर तिथेच राहिले. रिबेरास देल ब्राव्होसारख्या वसाहतींत हजारो घरं ओस पडली, दारं-खिडक्या, वायरीसुद्धा लोकांनी काढून नेल्या. नंतर खून बरेच खाली आले, पण २०१८ पासून पुन्हा कित्येक वर्षं हजाराच्या वर राहिले.

तुम्ही ज्यांना तांडे म्हणता त्यांच्याबद्दल. १९९३ च्या सप्टेंबरपर्यंत हुआरेझची मोलकरीण सकाळी टायरच्या ट्यूबवर बसून नदी ओलांडायची, ट्यूबवाल्याला किरकोळ पैसे द्यायची आणि संध्याकाळी घरी जायची. मग एल पासोच्या सीमा गस्ती दलाचे प्रमुख सिल्व्हेस्त्रे रेयेस यांनी नदीकाठी नजरेच्या टप्प्यात एकेक गाडी उभी करून शहरातला रस्ता बंद केला. लोक थांबले नाहीत, वाळवंटातून जाऊ लागले. ट्यूबवाल्याच्या जागी कोयोते, म्हणजे माणसं चोरून पार नेणारा दलाल, आला, त्याच्या मागे टोळी आली, आणि किरकोळ पैशांचे हजारो डॉलर झाले. भिंत जितकी उंच तितका दलालाचा दर चढा, हे मी इथेच शिकले. पैसे नसलेल्याला पळवून नेऊन घरच्यांकडून खंडणी घ्यायची, हा त्यातूनच निघालेला जोडधंदा.

२०१९ पासून अमेरिकेनं आश्रय मागणाऱ्यांना निकालापर्यंत मेक्सिकोतच थांबायला लावलं, पुढे कोविडच्या नावाखाली आल्यापावली परत पाठवलं. हुआरेझ हे वेटिंग रूम झालं. २७ मार्च २०२३ ला पुलाजवळ निर्वासितांना डांबलेल्या मेक्सिकोच्या सरकारी कोठडीत आग लागली, ४० पुरुष मेले. कॅमेऱ्यात दिसतं: धूर भरतोय, कुलूप तसंच आहे, आणि गणवेशातली माणसं निघून जातायत. त्या वर्षापासून आश्रयासाठी पुलावर हजर व्हायला मोबाइल अ‍ॅपवर तारीख मिळायची, तीही २० जानेवारी २०२५ ला बंद झाली. तारीख हातात असलेली माणसं पुलावर उभी होती तेव्हा. आता नदीकाठी तांडे नाहीत. काटेरी तार आहे आणि सैनिक आहेत.

एल पासोत चर्चवाल्यांच्या एका निवाऱ्यात मी सुट्टीच्या दिवशी जायचे. सुटून येणाऱ्यांच्या बुटांना नाड्या नसायच्या, कोठडीत काढून घेतात. त्यामुळे पहिलं काम नाड्यांची खोकी उघडायचं. एकदा हिंदी कळतं म्हणून मला हाक मारली. हरियाणाचा पोरगा होता, विशीचा. जेवला का विचारलं तर म्हणाला, दीदी, पहले एक फोन. फोनवर बापाला पहिलं वाक्य जमिनीचं, जी विकून एजंटला पैसे दिले होते. आपला याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना हातकड्या घालून अमृतसरला उतरवून आलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते.

आणि एल पासो सुरक्षित आहेच, पण ३ ऑगस्ट २०१९ ला तिथल्या वॉलमार्टमध्ये २३ जणांना मारणारा माणूस हुआरेझचा नव्हता. डॅलसजवळून हजारेक किलोमीटर गाडी हाकत आला होता, मेक्सिकन मारायला. शाळेच्या खरेदीचा शनिवार होता, मेलेल्यांत पलीकडून खरेदीला आलेलेही होते. वहिनींना हुआरेझची भीती घालणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

आता कामाचं. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोत जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण पगार मेक्सिकन कंपनी देणार असेल तर तिथला कामाचा परवाना लागतो. हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. पुलावर वेगवान लेन आहे, सेंत्री म्हणतात. आल्या आल्या अर्ज टाका, मंजुरीला महिने जातात. मात्र ती लेन मिळाली की डिकी रोज तपासायची सवय लावा. २०११ च्या सुमारास तस्करांनी हाच उद्योग केला होता: सेंत्रीतून ठरलेल्या वेळी जाणारी गाडी हेरायची, गाडीच्या चासी नंबरवरून डुप्लिकेट किल्ली बनवायची, रात्री डिकीत गांजाच्या बॅगा टाकायच्या आणि पलीकडे उतरवून घ्यायच्या. मालकाला पत्ता नाही. एक शाळेची बाई त्यात तुरुंगात जाऊन आली. कुणाची गाडी उसनी घेतली तर सीटखाली बंदुकीची गोळी राहिली नाही ना तेही बघा. टेक्सासात कुणी विचारणार नाही, मेक्सिकोत एका गोळीसाठी आत जाल.

प्लँट, महामार्ग, पूल एवढ्या टापूत दिवसा काही होत नाही. रात्री शिफ्ट संपली तर कंपनीच्या गाडीनंच या, रस्त्यात थांबू नका, आणि बारमध्ये ओळख झालेल्याशी राजकारण बोललात तरी चालेल, पण कोण काय धंदा करतो हे विचारू नका.

शाकाहारी असाल तर उसळीसारखे दिसणारे घोटलेले बीन्स खाण्याआधी मान्तेका आहे का विचारा, म्हणजे डुकराची चरबी, बहुतेक असतेच. राखास कोन केसोचा बुरितो मागा, मिरच्या आणि चीज, झकास लागतो.

घर एल पासोच्या पश्चिमेला घेतलंत तर शाळा चांगल्या आहेत, पण प्लँट हुआरेझच्या पूर्वेकडे असेल तर सारागोसा पुलाजवळ घेतलेलं बरं, नाहीतर रोजचा दीड-दोन तास गाडीत जाईल. प्लँट नक्की कुठल्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये आहे ते कमेंटमध्ये कळवा, मग कुठला पूल सोयीचा ते सांगते.