विज्ञान आणि कला एकाच इमारतीत शिकवायच्या असतील, तर कॉलेजच्या इमारतीची रचना कशी करावी?

बहुतेक आराखड्यांत एक विंग विज्ञानाला, एक कलेला आणि मध्ये कॅन्टीन असते. मला हे मुळीच पटत नाही. अशा इमारतीत मुले शेजारी राहतात, पण एकमेकांचे काम त्यांना दिसतच नाही.

खरे तर दोघांच्या गरजा वाटतात त्यापेक्षा खूप सारख्या आहेत. रसायनाच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारे कपाट) लागतो, तसाच टर्पेंटाइन आणि अ‍ॅसिड वापरणाऱ्या प्रिंटमेकिंगच्या (छापचित्रांच्या) खोलीतही जोरदार एक्झॉस्ट लागतो. म्हणून या खोल्या एकावर एक घ्या आणि त्यांच्या डक्टसाठी (हवा बाहेर नेणाऱ्या नळ्यांसाठी) एकच उभी शाफ्ट, म्हणजे पोकळ जागा, ठेवा. सिंक, ड्रेनेज, धुळीचा बंदोबस्त यांचेही तेच. फक्त मातीकामाच्या सिंकखाली गाळ अडवणारा ट्रॅप हवाच, नाहीतर पाइप तुंबलाच म्हणून समजा.

खरी अडचण कंपनांची. भट्टी, शिल्पकाम आणि संवेदनशील मायक्रोस्कोप, सगळ्यांनाच तळमजला हवा असतो. तिथे मात्र मायक्रोस्कोपला बाकी दोघांपासून दूर ठेवा, मध्ये स्ट्रक्चरल जॉइंट (बांधकामाचे दोन भाग वेगळे ठेवणारी फट) घ्या. चित्रकलेला उत्तरेचा स्थिर प्रकाश द्या (दक्षिण गोलार्धात दक्षिणेचा), लेझरच्या खोल्या आत ढकला.

दोन इमारती जरूर अभ्यासा. वास्तुरचनाकार लुई कान यांच्या सॉल्क इन्स्टिट्यूट या कॅलिफोर्नियातल्या संशोधन संस्थेत (१९६५) प्रयोगशाळांच्या मजल्यांमध्ये पाइप-डक्टसाठी अख्खे मजले आहेत, त्यामुळे काम न थांबवता बदल करता येतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या कार्पेंटर सेंटर या कलेच्या इमारतीत (१९६३) वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी रॅम्प थेट इमारतीतून नेला आहे. जाता-येता स्टुडिओतले काम दिसते.